सोमवारचा बिघाड

माकाच्या व्हरांड्यात तीन खुर्च्या आहेत आणि तिन्हींवर कायम कुणाचा ना कुणाचा कॉम्प्युटर बसलेला असतो. माणसं पायरीवर बसतात. कोलोवाई गावाच्या चर्चमागच्या गल्लीतला हा व्हरांडा कुणाला विचारत शोधावा लागत नाही. गावात ज्याचं काही बंद पडतं त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. ज्वालामुखीची राख पडली त्याला तीन वर्षं होऊन गेली, तरी कुठलाही डबा उघडून तिरका केला की अजून चमचाभर राख निघते. माका ती कठड्यावरून बायकोच्या टोमॅटोंवर झटकतो. टोमॅटो चांगले आलेत. इतक्या वर्षांच्या कामातून घराला झालेला डोळ्यांना दिसणारा फायदा तेवढाच.

माका चोपन्न वर्षांचा. सव्वीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या आणि निवृत्त झाला तेव्हा त्याने ठरवलं होतं की आता मागच्या जमिनीत कोनफळं लावायची, संध्याकाळी चार माणसांत बसून कावा, म्हणजे ते मुळीचं गुंगवणारं पेय, प्यायचा आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. पहिल्याच आठवड्यात पाळकांचा प्रिंटर आला. मग शाळेचे दोन कॉम्प्युटर आले. मग सगळं गाव आलं. कुणी केळ्यांचा घड आणतं, कुणी मासा आणतं, बरेचसे नुसतं नातं घेऊन येतात. आमच्या बेटावर चार पिढ्या मागे गेलं की कुणीही कुणाचा तरी निघतोच, आणि माकाची जीभ ‘नाही’ म्हणायला वळत नाही. कोनफळांच्या जागेवर आज तणकट आहे.

तुम्ही म्हणाल, रविवार तर आहे ना. रविवारी आमच्याकडे दुकान उघडत नाही, विमान उतरत नाही, समुद्रात कुणी पाय बुडवत नाही. कायदाच आहे तसा. पण पहाटे उठून रांधायला जमिनीतली भट्टी पेटवायची असते, दोनदा चर्चला जायचं असतं, आणि माका गायकवृंदात खर्जाच्या रांगेत उभा राहत असल्यामुळे सरावालाही जायचं असतं. चर्च सुटलं की दारातच कुणी तरी खिशातून फोन काढतं. ‘काम नको करूस माका, आज रविवार. फक्त बघ.’ बघण्याला काम म्हणत नाहीत असं गावाने आपसांत ठरवून टाकलंय.

फेब्रुवारीत त्याच्या पायाचा अंगठा सुजला आणि रक्तात साखर निघाली. आरोग्य केंद्रातली नर्स त्याच्याच वर्गातली. तिने औषध दिलं आणि म्हणाली, “आठवड्यातून एक दुपार तरी पाय वर करून पड. तुझे वडील कसे गेले ते मला बोलायला लावू नकोस.” माकाचे वडील छप्पन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या घराचं छप्पर दुरुस्त करताना शिडीवरच गेले होते. त्यांचं स्वतःचं छप्पर त्या पावसाळ्यात गळत होतं. माकाने मान डोलावली आणि बाहेर आला, तर केंद्राचा कारकून म्हणाला, आलाच आहेस तर आमचा कॉम्प्युटर बघून जा.

मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी फाने आत्याचा फोन आला. कॉम्प्युटर उठत नाही, ये.

आता आत्या म्हणजे काय हे आमच्या बेटावर कुणाला सांगावं लागत नाही. बापाची थोरली बहीण ही फाहू. तिने मागितलं की द्यायचं, बोलावलं की जायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही. तिने भावाच्या घरातून चटई उचलली, डुक्कर नेलं, तरी वहिनीने हसतमुखाने दार धरायचं. फाने आत्या पंच्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माकाच्या आजोबांनी, चर्चसाठी शे-दीडशे गाणी बांधली होती. आम्ही स्वर आकड्यांनी लिहितो, तीनपासून नऊपर्यंत. तशा आकड्यांनी भरलेल्या त्यांच्या वह्या, ज्वालामुखीच्या वेळी समुद्र आत शिरला तेव्हा, भिजल्या. लगदा व्हायच्या आधी उतरवून काढायला पाहिजेत म्हणून आत्यांच्या ऑकलंडच्या लेकीने एक जुना कॉम्प्युटर पिंपात घालून पाठवला, कॉर्न्ड बीफचे डबे आणि ब्लँकेटं यांच्या मधोमध. तेव्हापासून आत्या एका बोटाने आकडे टाइप करत बसायच्या.

माकाने जाऊन आधी भिंतीतला प्लग पाहिला, मग पडद्याची वायर. मग बटण दाबलं. पंखा फिरला, एक बीप झाला आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या: वेळ लावलेली नाही, चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. तारीख दाखवत होता २००९ सालची एक जानेवारी. माकाला तिथेच कळलं. आतल्या बोर्डावर एक नाण्याएवढी बॅटरी असते. आज तारीख काय आणि कुठल्या डिस्कवरून उठायचं एवढं ती लक्षात ठेवते. ती संपली होती. भिंतीतून वीज मिळत असली की तिची उणीव भासत नाही, पण आत्या दर शनिवारी सूर्य मावळला की प्लग उपटून ठेवायच्या. गल्लीतली पोरं रविवारी खेळायला येतात, त्यांना मोह नको. सोमवारी सकाळी प्लग परत भिंतीत. मधल्या दीड दिवसात मशीन सगळं विसरून बसायचं. गावातली निम्मी घरं असाच प्लग उपटतात, माका स्वतः उपटतो. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही.

त्याने सेटिंगमध्ये जाऊन तारीख घातली, डिस्क दाखवून दिली, आणि मशीन उठलं. पाच मिनिटांचं काम. तसली बॅटरी घरी खणात होती. उद्या आणून बसवतो असं तो म्हणणार, तेवढ्यात आत्या म्हणाल्या, जेवून जा. कालचं लू त्यांनी गरम केलं. अळूच्या पानात नारळाचं दूध आणि मांस, दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरतं. मग मागे फणसासारख्या फळांच्या एका जुन्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली चटई घातली. दाराशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. घरात येणाऱ्याने फोन त्यात टाकायचा हा आत्यांचा नियम. पाळकांचा फोनसुद्धा त्यात पडायचा. माकाने टाकला, चटईवर टेकला आणि जागा झाला तेव्हा तीन वाजले होते. दिवसाउजेडी कुणी हाक न मारता झोपल्याला त्याला किती वर्षं झाली होती, ते त्याला आठवेना.

पुढच्या सोमवारी पुन्हा फोन. बॅटरी न्यायची राहून गेली होती, अगदी खरंच राहून गेली होती. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा लू, पुन्हा चटई. तिसऱ्या सोमवारी बॅटरी आठवणीने खिशात घातली. चौकोनी पाकिटात होती, मांडीला टोचत होती. माकाने तारीख घातली, डिस्क दाखवली आणि खिशाला हात लावला नाही. चटईवर पडल्यावर ते पाकीट त्याला टोचत राहिलं, तरी झोप लागली.

असे सतरा सोमवार गेले.

मनाला लागत नव्हतं असं नाही. फाहूला फसवायचं म्हणजे आमच्याकडे देवाला फसवण्याच्या एक पायरी अलीकडे. शिवाय आत्यांची सोमवारची सकाळ फुकट जाते, वह्या तिकडे कुजतायत, हे तो बघत होता. दर रविवारी तो स्वतःशी ठरवायचा, उद्या बसवायचीच. सोमवारी गल्लीच्या तोंडाशी आलं की पाय दुखायला लागायचा आणि पुढच्या सोमवारवर जायचं. तेवढी एक दुपार हातात होती म्हणून बाकीचे सहा दिवस त्याला झेपत होते. अंगठ्याची सूज उतरली होती. नर्सने साखर तपासून विचारलं, काय करतोस, तेव्हा तो म्हणाला, आत्याकडे जातो.

गावाची जीभ मात्र चालूच होती. बसवाल्याने भर बसमध्ये विचारलं, कॉम्प्युटर मेलाय की तुझा हात. सेला, त्याची बायको, ती तर रोजची. “सव्वीस वर्षं समुद्राखालून आलेल्या तारा जोडल्यास,” ती म्हणाली, “आणि आत्यांचा एक डबा तुला उठवता येईना?” माका म्हणाला, जुना आहे, पार्ट मिळत नाहीत. आपल्या हाताची अब्रू तो दर आठवड्याला थोडी थोडी त्या झाडाखाली ठेवून येत होता, आणि तेवढी किंमत त्याला परवडत होती.

जुलैत नात्यातल्या एका लग्नासाठी ऑकलंडहून आत्यांची नात आली, लोसालिने. चोवीस वर्षांची, चुणचुणीत, बोलणं फटकळ. माका सोमवारी पिशवी घेऊन पोचला तर कॉम्प्युटर चालू होता आणि त्याचं झाकण जमिनीवर पडलं होतं. लोसालिनेने चिमटीत धरलेली जुनी बॅटरी त्याच्या नाकासमोर नाचवली.

“मामा, एवढंच होतं रे. आजीच्या वजनकाट्यातली काढली आणि बसवली. चहाला उकळी यायच्या आत झालं. तुला इतके महिने कळलं नाही?”

आत्या दारात बसून कोनफळ सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. माकापुढे दोनच वाटा होत्या, अडाणी ठरायचं किंवा लबाड. तो म्हणाला, “नाही कळलं.” त्याच्या स्वतःच्या कानांना ते शब्द परके वाटले. लोसालिने हसली, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. जेवण झालं, पण घर पाहुण्यांनी भरलं होतं, झाडाखालच्या चटईवर पोरं पत्ते खेळत होती. माकाने डब्यातून फोन काढला. त्यात अकरा हाका वाट बघत होत्या. एक वाजता तो आपल्या पायरीवर होता आणि पायरीवर दोघं बसले होते.

पुढच्या सोमवारी फोन आला नाही. कशाला येईल? त्याने सकाळभर तीनदा फोन उचलून रेंज आहे ना ते पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. शाळेचा एक कॉम्प्युटर चालू होऊन मध्येच बंद पडत होता; त्याने एक एक पार्ट काढून, पुन्हा लावून दुपार घालवली. त्याच्या पुढच्या सोमवारी चार गिऱ्हाइकं. त्याच्याही पुढच्या सोमवारी अंगठा पुन्हा सुजला, चप्पल चढेना, तरी तो एका स्टुलावर पाय ठेवून पाळकांच्या प्रिंटरशी झगडत होता. सेलाने येऊन पायाकडे पाहिलं, थंड पाण्याचं घमेलं ठेवलं आणि गेली. माका थकला होता, आणि हा थकवा झोपेने जाणारा नाही हे त्याला आता ठाऊक झालं होतं. वडिलांच्या वयाला पोचायला दोन वर्षं राहिली होती. तो हिशेब त्याने आधी कधी केला नव्हता.

त्याच सोमवारी अकराच्या सुमाराला गल्लीत एक पिकअप थांबली. मागच्या हौद्यात खुर्ची टाकून तिच्यावर फाने आत्या बसल्या होत्या, कमरेला गुंडाळलेली मानाची चटई, हातात पंखा. फाहू स्वतःहून भाच्याच्या दारी येते ती कुणी जन्मलं तर किंवा कुणी गेलं तर. पायरीवरची माणसं उठून उभी राहिली. सेला हात पुसत बाहेर आली. माकाने खुर्चीवरचा कॉम्प्युटर उचलून जमिनीवर ठेवला. आत्या बसल्या आणि त्यांनी आधी माणसांकडे पाहिलं, मग यंत्रांकडे, मग त्या घमेल्याकडे.

“कुणाकुणाची कामं आहेत?” त्यांनी विचारलं. चौघांनी सांगितली.

“उद्या या,” आत्या म्हणाल्या. “सोमवार माझा आहे. याच्या बापाच्या थोरल्या बहिणीने सोमवार मागितलाय, आणि याने दिलाय. गावात सांगून टाका.”

फाहूने डुक्कर मागितलं तर डुक्कर जातं, सोमवार मागितला तर सोमवार. एक जण आपला लॅपटॉप काखेत मारून निघालासुद्धा. पाळकांच्या मुलाने प्रिंटरचं तोंड उघडं तसंच सोडलं आणि नमस्कार करून गेला. नाही म्हणायची जी सोय माकाला जन्मात सापडली नव्हती, ती आत्यांनी दोन वाक्यांत करून दिली. सेलाने नवऱ्याला दंडाला धरून पिकअपमध्ये चढवलं.

आत्यांच्या घरी त्याने फोन डब्यात टाकला. कॉम्प्युटर चालू होता, तारीख बरोबर होती, पडद्यावर आकड्यांच्या चार ओळी होत्या. माका उंबऱ्यातच खाली बसला. आता बोललो नाही तर चटईवर पडण्यात अर्थ नाही, असं त्याला झालं.

“आत्या, बॅटरी संपलीय हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं,” तो म्हणाला. “नवी माझ्या खिशात होती. मी बसवली नाही. तुमच्या सकाळी वाया घालवल्या मी.”

आत्यांनी पंखा बाजूला ठेवला. “एप्रिलमध्ये एका बुधवारी लाइट गेली होती,” त्या म्हणाल्या. “परत आली तर हा उठेना. तू काय काय दाबतोस ते मी कोनफळ सोलता सोलता बघितलेलं होतं. मीच दाबलं. उठला.”

माकाने मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

“नंतर दर सोमवारी पहाटे मीच उठवायचे त्याला. गाणं, दीड गाणं व्हायचं. मग तू यायच्या आधी प्लग काढून परत घालायचे, म्हणजे पुन्हा विसरायचा. माझी एकही सकाळ वाया गेली नाही. लोसालिनेने घोळ घातला. लाडाची आहे, तिला काय सांगणार?”

माकाला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं, कारण आत्या हसत नव्हत्या. त्या त्याच्या सुजलेल्या पायाकडे बघत होत्या.

“तुझ्या बापाचाही पाय असाच सुजायचा,” त्या म्हणाल्या. “भाऊ-बहिणीने कळत्या वयापासून एका छपराखाली बसायचं नाही ही आपली रीत. मी सात-आठ वर्षांची होते तेव्हापासून मी त्याच्याजवळ बसले नाही. पण मागितलं पुष्कळ. डुकरं मागितली, चटया मागितल्या, लेकीच्या लग्नाला गाडी मागितली. त्याने सगळं दिलं. एकदा नुसता निरोप पाठवायला हवा होता मी, की आज घरी बस, फाहू सांगतेय. तो बसला असता. माझ्या मनातच आलं नाही रे. त्याच्या उशाशी मी बसले ती तो गेल्यावर, आणि दोन दिवस बसले.”

त्या उठल्या, चटई काखेत घेतली आणि मागे जाऊन झाडाखाली स्वतःच्या हातांनी घातली. माकाने पुढे होऊन घ्यायला पाहिजे होती, पण तो उंबऱ्यातच बसून राहिला.

“पड आता,” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन एका बोटाने आकडे टाइप करू लागल्या.

माका पडला. त्या दिवशी त्याला झोप लागली नाही. बाप गेला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आमच्याकडे गेलेल्याची मुलं शवाजवळ नसतात, ती मागे भट्टीवर राबत असतात; शोकाच्या फाटक्या चटया कमरेला गुंडाळून त्याने दोन दिवस भट्ट्या लावल्या, पाचशे माणसांना जेवू घातलं, मंडपाच्या दोऱ्या सोडल्या, भांडी ज्याची त्याला पोचवली. नंतर शोक करायला वेळ मिळाला नाही आणि मग तो राहूनच गेला. आज भर दुपारी ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली त्याने तोंडावर हात घेतला आणि तो बापासाठी रडला. आज त्याला दुसरं काही काम नव्हतं.